पोस्टग्रेस ११ वरून १६ वर गेल्यावर जुनी बिलं शोधायला १४ सेकंद, जीएसटी रिपोर्टला ४० मिनिटं

दवाबाजार_इंदूर

नमस्कार मंडळी. इंदूरच्या दवा बाजारात एका घाऊक औषध विक्रेत्याचा डेटाबेस सांभाळतो. शनिवारी रात्री तो पोस्टग्रेस (डेटाबेस चालवणारं सॉफ्टवेअर) ११ वरून १६ वर नेला. जुनी मशीन सेंटओएस ७ ची, नवी रॉकी लिनक्स ९ ची: ८ कोअर, ३२ जीबी रॅम, एनव्हीएमई डिस्क. डेटा डिरेक्टरी नव्या मशीनवर कॉपी करून तिथेच पीजी_अपग्रेड (आवृत्ती बदलणारं साधन) लिंक मोडमध्ये, म्हणजे फाइलींची नवी प्रत न करता, चालवलं. एरर एकही नाही. जुनी मशीन बंद करून बाजूला ठेवली आहे.

डेटाबेस १४० जीबीचा. मुख्य टेबल बिल_ओळी, आर्थिक वर्षाप्रमाणे पार्टिशन केलेलं (दर वर्षाचा वेगळा तुकडा), एका वर्षाच्या साधारण ९० लाख ओळी.

अडचण अशी की चालू वर्षाची बिलं पूर्वीसारखीच झटकन निघतात. पण एक्स्पायरीचा माल परत घ्यायचा तर मागच्या वर्षाचं बिल शोधावं लागतं, आणि त्या क्वेरीला अर्ध्या सेकंदाऐवजी १४ सेकंद लागतात. सकाळी ११ नंतर काउंटरवर गर्दी झाली की आठही कोअर १०० टक्क्यांवर. महिन्याचा जीएसटी रिपोर्ट ३ मिनिटांत निघायचा, आता ४० मिनिटं.

एक्स्प्लेन ॲनालाइजमधला, म्हणजे क्वेरी कशी चालली ते दाखवणाऱ्या प्लॅनमधला मुख्य भाग (‘रोज’ म्हणजे rows, ओळी; पार्टी, गोदाम आणि तारखेची रेंज अशा तीन अटी आहेत):

नेस्टेड लूप, अंदाज रोज=१, प्रत्यक्ष रोज=६२१४
रोज रिमूव्हड बाय जॉइन फिल्टर: ७४५६१७८६
– इंडेक्स स्कॅन, बिल_ओळी (मागचं वर्ष), अंदाज रोज=१, प्रत्यक्ष रोज=६२१४
– सीक्वेन्शियल स्कॅन, योजना_दर, प्रत्यक्ष रोज=१२०००, लूप्स=६२१४

इंडेक्स (शोध जलद करणाऱ्या सूच्या) सगळे जागेवर आहेत. ऑटोव्हॅक्यूम (साफसफाई आणि ॲनालाइज आपोआप करणारी प्रक्रिया) चालू आहे, त्यामुळे ॲनालाइज (टेबलांची आकडेवारी गोळा करणारा आदेश) वेगळा चालवलेला नाही. कॉन्फिग फाइल नव्या इन्स्टॉलेशनची आहे, तिच्यात फक्त लिसन_ॲड्रेसेस आणि मॅक्स_कनेक्शन्स (१५०) बदललं.

आणखी एक, याच्याशी संबंध असेल-नसेल: काउंटरवरची मुलं सांगतात की काही बॅच नंबर शोधले तर सापडत नाहीत, पण स्टॉकच्या पूर्ण यादीत ते दिसतात.

जुन्या आवृत्तीवर परत जावं का?

---

प्लॅनवाला

परत जायची गरज नाही. लिंक मोडमध्ये नवा सर्व्हर एकदा सुरू झाला की नव्या मशीनवरची जुनी डिरेक्टरी वापरण्याजोगी राहत नाही, दोन्हीकडे त्याच फाइली असतात. बाजूला ठेवलेली जुनी मशीन शाबूत आहे, पण शनिवारनंतरची बिलं तिच्यात नाहीत.

तुमच्या प्लॅनमधला ‘अंदाज १’ नीट बघा, सगळं तिथेच आहे. एखाद्या कॉलमची आकडेवारी पोस्टग्रेसकडे नसते तेव्हा तो ठरावीक आकडे धरतो. ‘बरोबर इतकं’ या अटीसाठी ०.००५, कारण वेगळ्या किमती २०० असतील असं गृहीत. तारखेच्या ‘पासून-पर्यंत’ रेंजसाठीही ०.००५. तुमच्या अटी तीन. ०.००५ तीनदा गुणलं की ८० लाखांत एक. पार्टिशन ९० लाखांचं, म्हणजे अंदाज एक ओळ. हा अंदाज तुमच्या डेटातून आलेला नाही, तो निव्वळ गृहीतकांतून आलेला आहे. एकच ओळ येणार म्हटल्यावर प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) योजना_दरसाठी हॅश टेबल (चटकन जुळणी करायचा तक्ता) बांधत बसत नाही, सरळ एकदा वाचून टाकू म्हणतो. प्रत्यक्षात ओळी आल्या ६२१४, त्यामुळे १२ हजारांचं टेबल ६२१४ वेळा वाचलं. साडेसात कोटी तुलना. सीपीयू १०० टक्के होण्याचं कारण हेच, डिस्कचा इथे काही दोष नाही.

पीजी_अपग्रेड १७ पर्यंत प्लॅनरची आकडेवारी नव्या क्लस्टरमध्ये नेतच नाही. १८ पासून नेतं, तेही एक्स्टेंडेड स्टॅटिस्टिक्स सोडून.

आता चालू वर्ष ठीक आणि जुनी वर्षं संथ असं का? १४ पासून, कधीच ॲनालाइज न झालेल्या टेबलाची ओळसंख्या ‘माहीत नाही’ म्हणून उणे एक नोंदलेली असते. ऑटोव्हॅक्यूम ती शून्य धरतो, म्हणून अशा टेबलात पन्नासेक ओळी बदलल्या की तो ॲनालाइज करतो. चालू वर्षाच्या पार्टिशनमध्ये रोज नोंदी पडतात, त्याचं काम सोमवारी सकाळीच झालं असणार. मागच्या वर्षांच्या पार्टिशनमध्ये काहीच बदलत नाही, मग ऑटोव्हॅक्यूम तिकडे फिरकणार तरी कशाला? योजना_दरही रोज बदलत नसेल. पीजी_स्टॅट_यूजर_टेबल्समध्ये लास्ट_ॲनालाइज आणि लास्ट_ऑटोॲनालाइज हे दोन कॉलम बघा. दोन्ही रिकामे असतील ती सगळी टेबलं अजून आकडेवारीविना आहेत.

उपाय आत्ताच्या आत्ता करता येतो, काउंटर थांबवावं लागत नाही:

व्हॅक्यूमडीबी --ऑल --ॲनालाइज-ओन्ली --जॉब्स=४

--ॲनालाइज-इन-स्टेजेस तुम्ही वापरू नका. ते अपग्रेडनंतर लगेच, कोणी लॉगिन करायच्या आधी चालवायचं. त्याच्या पहिल्या फेरीत स्टॅटिस्टिक्स टार्गेट (आकडेवारी किती बारकाईने घ्यायची तो आकडा) १ असतं, मग १०, मग नेहमीचं १००. तुमच्या चालू वर्षाच्या पार्टिशनला चांगली आकडेवारी मिळालेली आहे, पहिली फेरी ती बिघडवेल आणि मधल्या वेळात आज जे नीट चाललंय तेही अडेल.

हे झालं की मूळ पालक टेबलावर हाताने चालवा:

ॲनालाइज बिल_ओळी;

पार्टिशन केलेल्या पालक टेबलाला ऑटोव्हॅक्यूम कधीच ॲनालाइज करत नाही, आणि १६ चं व्हॅक्यूमडीबीसुद्धा त्याला वगळून फक्त खालची पार्टिशन्स घेतं. रिपोर्ट पालक टेबलावरून चालतो, किती वेगळे गट होतील हा अंदाज पालकाच्याच आकडेवारीवरून काढला जातो. रात्रीच्या क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत) आठवड्यातून एकदा ही ओळ टाकून ठेवा.

---

लष्कर_ग्वाल्हेर

वेगाचं प्लॅनवाला यांनी बरोबर सांगितलंय. पण तुम्ही शेवटी ‘संबंध असेल-नसेल’ म्हणून जे लिहिलं, ते माझ्या मते पहिल्यांदा बघायला हवं. औषधांचा व्यवसाय आहे. उद्या एखादी बॅच कंपनीने परत मागवली आणि शोधात ती सापडलीच नाही, तर माल रॅकवर पडून राहील आणि विकलाही जाईल.

सेंटओएस ७ मध्ये ग्लिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी, अक्षरक्रमाचे नियम तिच्यात असतात) २.१७ आहे, रॉकी ९ मध्ये २.३४. मधल्या २.२८ मध्ये अक्षरक्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. पोस्टग्रेसचा बी-ट्री इंडेक्स मजकुराचा क्रम ऑपरेटिंग सिस्टीमला विचारून लावतो. तुमचे इंडेक्स जुन्या नियमांनी लावलेले, जसेच्या तसे नव्या मशीनवर आले, आणि आता त्यांत शोध नव्या नियमांनी चाललाय. डावीकडे वळायचं तिथे शोध उजवीकडे वळतो आणि ‘नाही’ म्हणून परत येतो. पूर्ण यादी सीक्वेन्शियल स्कॅनने निघते, इंडेक्सला हात लागत नाही, म्हणून तिथे बॅच दिसते. तुम्ही सांगितलेलं लक्षण तंतोतंत हेच आहे.

लगेच खात्री करता येईल. दोन ओळींची फाइल करा: पहिलीत १-१, दुसरीत ११ (आकडे इंग्रजीच टाका). एलसी_कोलेट (अक्षरक्रमाचं सेटिंग) ईएन_यूएस यूटीएफ-८ ठेवून दोन्ही मशीनवर सॉर्ट चालवा. जुन्या ग्लिबसीवर ११ आधी येतो, नव्यावर १-१ आधी. जुनी मशीन त्याआधी नेटवर्कवरून काढा, नाहीतर एखादं काउंटर चुकून तिलाच जोडलं जायचं. औषधांच्या बॅच नंबरांत आडवी रेघ सर्रास असते, म्हणजे या बदलाचा पहिला मार त्यांनाच.

इशारा येईल म्हणून थांबू नका. डेटाबेसच्या मूळ कोलेशनची (अक्षरक्रमाच्या नियमांची) आवृत्ती नोंदवणं १५ पासून सुरू झालं. ११ मधून आलेल्या डेटाबेससोबत जुनी नोंदच नाही, तर तुलना कशाशी होणार?

मग ॲमचेक हे इंडेक्स तपासणारं एक्स्टेन्शन बसवा आणि पीजी_ॲमचेक --हीपऑलइंडेक्स्ड चालवा. काउंटर चालू असताना चालतं, पण डिस्कवर ताण येतो, दुपारी जेवणाच्या वेळेत किंवा रात्री करा. ‘आयटम ऑर्डर इन्व्हेरियंट व्हायोलेटेड’ असं ज्या इंडेक्सवर येईल तो बिघडलेला. टेक्स्ट, व्हारकॅर, कॅर प्रकारच्या कॉलमांचेच इंडेक्स यात सापडतील. पूर्णांक, तारीख, न्यूमेरिकला धोका नाही. कोलेशन ‘सी’ (भाषेचे नियम न लावता निव्वळ बाइटांचा क्रम) असलेल्या कॉलमांनाही नाही. पण ॲमचेकने पास केलेला मजकुराचा इंडेक्ससुद्धा शेवटी नव्याने बांधाच. आज त्यात क्रम बदलणारी एकही जोडी नसेल, म्हणून तो पास झाला असेल.

बांधायचं असं:

रीइंडेक्स इंडेक्स कॉन्करंटली अमुक_इंडेक्स;

त्याआधी पूर्ण बॅकअप, सेशनमध्ये मेंटेनन्स_वर्क_मेम २ जीबी, आणि डिस्कवर त्या इंडेक्सएवढी रिकामी जागा. मध्येच फसलं तर _सीसीन्यू नावाचा अर्धवट इंडेक्स मागे राहतो, तो ड्रॉप करूनच पुन्हा चालवा.

आणि हे होईपर्यंत नव्या मालाची आवक एंट्री थांबवा. बिलिंग चालू राहू द्या, पण नवी बॅच टाकू नका. कारण युनिक इंडेक्ससुद्धा आत्ता आंधळा आहे: ‘ही बॅच आधीपासून आहे का’ असं विचारलं तर तो नाही म्हणेल आणि तीच बॅच दुसऱ्यांदा आत घेईल.

---

दवाबाजार_इंदूर

दोघांचे आभार. ॲनालाइज झाल्यावर मागच्या वर्षाची क्वेरी ०.३ सेकंदावर आली, प्लॅनमध्ये हॅश जॉइन दिसतोय, सीपीयू खाली. पालक टेबलावरही चालवलं.

सॉर्टची चाचणी लष्कर यांनी सांगितली तशीच निघाली: जुन्या मशीनवर ११ आधी, नव्यावर १-१ आधी. ॲमचेकने बॅच_मास्टरचा (आयटम_आयडी, बॅच_नं) हा युनिक इंडेक्स आणि पार्टीच्या नावाचा इंडेक्स पकडला. पार्टीचा रीइंडेक्स झाला. बॅचवाला ‘कुड नॉट क्रिएट युनिक इंडेक्स, की इज डुप्लिकेटेड’ म्हणून अडला. आवक एंट्री थांबवली आहे.

जीएसटी रिपोर्ट ४० वरून १८ मिनिटांवर आला, पण ३ पासून अजून लांब आहे. त्यात दोन विथ क्लॉज (मुख्य क्वेरीच्या आधी लिहिलेल्या उपक्वेरी) आहेत आणि शेवटी पार्टी, एचएसएन कोड, कराचा दर यांवर ग्रुप बाय. प्लॅनमध्ये हॅशॲग्रीगेटपुढे (गट करण्याच्या पायरीपुढे) बॅचेस=३३ आणि डिस्क यूसेज दिसतंय. सगळ्यात खाली जेआयटी नावाचा एक भागही आहे, तो पूर्वी कधी नव्हता.

---

मांडवी_बडोदा

रिपोर्टचं मी सांगतो. आधी कॉन्फिग, कारण तुम्ही लिहिलंय की फाइल नव्या इन्स्टॉलेशनचीच आहे. म्हणजे ३२ जीबीच्या मशीनवर शेअर्ड_बफर्स (डेटासाठीची सामाईक मेमरी) १२८ एमबी, वर्क_मेम (सॉर्ट आणि हॅशची मेमरी) ४ एमबी, मॅक्स_डब्ल्यूएएल_साइझ (बदलांच्या लॉगची मर्यादा) १ जीबी, आणि रँडम_पेज_कॉस्ट ४, जो फिरणाऱ्या डिस्कच्या हिशेबाचा आहे. पीजी_अपग्रेड कॉन्फिग फाइल आणत नाही. ऑल्टर सिस्टीमने केलेले बदलही मागे राहतात, कारण ते पोस्टग्रेसक्यूएल.ऑटो.कॉन्फमध्ये असतात. ऑल्टर रोल आणि ऑल्टर डेटाबेसने लावलेले मात्र येतात. त्यामुळे एका यूजरला सेटिंग बरोबर आणि दुसऱ्याला चुकीचं असा गोंधळ दिसू शकतो.

जुनी फाइल उचलून जशीच्या तशी ठेवू नका. वॅल_कीप_सेगमेंट्स १३ मध्ये गेलं, स्टॅट्स_टेम्प_डिरेक्टरी १५ मध्ये गेलं. असं एखादं काढून टाकलेलं नाव फाइलीत राहिलं तर सर्व्हर सुरूच होणार नाही. जुन्या फाइलीतून बदललेल्या ओळी तेवढ्या हाताने आणा. तुमच्या मशीनसाठी मी इथून सुरुवात करेन:

शेअर्ड_बफर्स ८ जीबी
इफेक्टिव्ह_कॅश_साइझ २२ जीबी
रँडम_पेज_कॉस्ट १.१
वर्क_मेम १६ एमबी
मॅक्स_डब्ल्यूएएल_साइझ ८ जीबी

शेअर्ड_बफर्सला रीस्टार्ट लागतो, बाकीच्यांना रीलोड पुरतो. वर्क_मेम सरसकट २५६ एमबी करायचा मोह होईल, तो टाळा. ती मर्यादा कनेक्शनची नसून प्लॅनमधल्या प्रत्येक सॉर्ट आणि हॅशची असते. तुमची १५० कनेक्शन्स धरून हिशेब केला तर मशीनची मेमरी संपेल आणि लिनक्स पोस्टग्रेसलाच मारून टाकेल. रिपोर्टचा यूजर वेगळा असेल तर फक्त त्याच्यासाठी ऑल्टर रोलने २५६ एमबी लावा.

बॅचेस=३३ चा अर्थ असा: १२ पर्यंत हॅशॲग्रीगेटचा अंदाज चुकला तरी तो वर्क_मेम ओलांडून मेमरीतच काम उरकायचा. १३ पासून तो मर्यादा पाळतो आणि उरलेलं डिस्कवर लिहितो. तेव्हा तुमचा रिपोर्ट पूर्वी ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त मेमरी घेऊन ३ मिनिटांत निघत असणार. १५ पासून हॅश_मेम_मल्टिप्लायर २ आहे, म्हणजे ४ एमबीचे हॅशला ८ मिळतात. त्या यूजरला २५६ दिले की हॅशला ५१२ एमबी मिळतील, बॅचेस=१ दिसायला हवं. लॉग_टेम्प_फाइल्स शून्य करून ठेवा, डिस्कवर सांडणारी प्रत्येक क्वेरी लॉगमध्ये येईल.

जेआयटी १२ पासून मूळचा चालू असतो. प्लॅनचा खर्च एक लाखाच्या वर गेला की क्वेरीतल्या अटी मशीन कोडमध्ये कंपाइल होतात. पार्टिशन जितकी जास्त तितक्या फंक्शन्स जास्त, आणि कंपाइलचा वेळ त्याच प्रमाणात. त्या भागात टायमिंगच्या ओळीवर टोटल किती आहे बघा. सेट जेआयटी = ऑफ करून तीच क्वेरी पुन्हा चालवा. १८ मिनिटांच्या रिपोर्टमध्ये जेआयटीचे काही सेकंद असतील तर तिकडे दुर्लक्ष करा. पण काउंटरच्या अर्ध्या सेकंदाच्या एखाद्या क्वेरीत ४०० मिलिसेकंद जेआयटीचे निघाले, तर जेआयटी_अबव्ह_कॉस्ट १० लाखांवर न्या.

विथ क्लॉजचं: १२ पासून एकदाच वापरलेला विथ मुख्य क्वेरीत मिसळला जातो. ११ मध्ये तो आधी स्वतंत्र पूर्ण व्हायचा. बहुतेक वेळा हा फायदाच आहे, पण आधी गाळून छोटा संच करायचा आणि मग जोडायचा अशा हेतूने कोणी तो लिहिला असेल तर तो हेतू मोडतो. दोन्ही विथपुढे ‘ॲज मटेरियलाइज्ड’ लिहून बघा. ही चाचणी मेमरी वाढवल्यानंतर करा, आणि एका वेळी एकच बदल.

---

लष्कर_ग्वाल्हेर

डुप्लिकेट बॅचबद्दल. युनिक इंडेक्स अडला म्हणजे तेवढ्या दिवसांत दोनदा आत आलेल्या बॅच आहेत. त्या शोधताना बिघडलेला इंडेक्स वापरला जाता कामा नये, म्हणून सेशनमध्ये इनेबल_इंडेक्सस्कॅन, इनेबल_इंडेक्सओन्लीस्कॅन आणि इनेबल_बिटमॅपस्कॅन तिन्ही ऑफ करा. मग आयटम_आयडी आणि बॅच_नं वर ग्रुप बाय, काउंट एकापेक्षा जास्त. एक्स्प्लेनमध्ये सीक्वेन्शियल स्कॅन दिसतोय ना, ते आधी पाहा.

प्रत्येक जोडीत जुना आयडी ठेवायचा. नव्या आयडीवर झालेल्या बिल_ओळी आणि आवकेच्या ओळी जुन्या आयडीवर वळवा, स्टॉकची बेरीज जुन्यावर घ्या, नवी ओळ शेवटी डिलीट. सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, आणि सुरुवातीला बॅच_मास्टरवर लॉक. दोन ओळींतली एक्स्पायरी तारीख आणि एमआरपी जुळते का हे क्वेरीवर सोडू नका. जोड्यांची यादी छापून रॅकवरच्या पाकिटाशी ताडून घ्या. एंट्री दुसऱ्यांदा करताना कोणी तारीख वेगळी टाकली असेल तर चुकीची तारीख कायम होईल.

मग रीइंडेक्स. उरलेले मजकुराचे इंडेक्सही त्याच रात्री करून घ्या. त्यांचा आकारही घटेल, कारण सारख्या किमती एकत्र साठवण्याची १३ मधली सुधारणा जुन्या इंडेक्सला लागू होत नाही, नव्याने बांधल्यावरच होते.

पुढच्या ऑपरेटिंग सिस्टीम बदलाच्या आधी बॅच नंबरचा कॉलम ‘सी’ कोलेशनवर न्या. बॅचचा क्रम कोणी भाषेच्या नियमांनी मागत नाही, फक्त तंतोतंत जुळणी हवी असते. ऑल्टर टेबलने कॉलमचा टाइप टेक्स्ट कोलेट सी करायचा. इंडेक्स नव्याने बांधले जातात आणि तोवर टेबल पूर्ण लॉक राहतं, म्हणून काउंटर बंद असतानाच. बॅच_मास्टर आणि बिल_ओळी दोन्हींत एकदम बदला. एकीकडे ‘सी’ आणि दुसरीकडे जुनं राहिलं तर बॅचवर होणारा जॉइन कोणतं कोलेशन वापरायचं ते ठरत नाही म्हणून एरर देईल. पार्टीच्या नावांना मात्र ‘सी’ लावू नका, इंग्रजी नावांत मोठी अक्षरं सगळी आधी आणि छोटी नंतर अशी यादी निघेल.

---

दवाबाजार_इंदूर

रिपोर्ट यूजरला २५६ एमबी दिल्यावर बॅचेस=१, वेळ ४ मिनिटं. पहिल्या विथला मटेरियलाइज्ड लावल्यावर पावणेतीन. दुसऱ्याला लावून फरक पडला नाही, काढून टाकलं. जेआयटीचे त्यात ६ सेकंद होते, तसंच ठेवलं.

डुप्लिकेट जोड्यांची यादी छापून गोदामात दिली आहे. एका जोडीत एक्स्पायरीचा महिना वेगळा निघाला, पाकिटावर जुन्या ओळीचीच तारीख आहे. बाकीच्या जोड्या जुळल्या की आज रात्री काउंटर बंद झाल्यावर जोडणी आणि रीइंडेक्स, मग आवक एंट्री चालू. ‘सी’ कोलेशनचा बदल रविवारी.